पिवळ्याखालचं पांढरं

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचून महिना झाला. त्यात तू जे मागितलंयस त्याचं उत्तर शेवटी देतो, आधी इथलं ऐक. मला नीट लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे, शाळेत माझ्या वहीवर तूच रेघा ओढून द्यायचास. चुकलंमाकलं पोटात घाल.

मी बरा आहे. तीन वर्षांत गॅरेज तीनदा बदललं. आपले उस्ताद मला भिंगरी म्हणायचे ते काही खोटं नाही. पण हातातला धंदा तोच, गाडीचा एसी. लोक येतात, म्हणतात गॅस संपला, भरून दे. मी उस्तादांचंच वाक्य ऐकवतो की गॅस काय दिव्यातलं तेल आहे का जळून संपायला, तो कुठूनतरी जातोय, आधी वाट शोधू. मग ब्लोअर बघायचा, जाळी कचऱ्याने तुंबली का बघायचं, पाइपला हात लावायचा, एक गार आणि एक गरम लागला तर जीव आहे. इथले मिस्त्री हसतात. म्हणतात, एवढ्या वेळात आम्ही दोन गाड्या काढतो. काढा म्हणावं.

आणखी एका गोष्टीला हसतात. नट आवळला की मी त्यावर रंगाचा ठिपका लावतो. आपल्याकडचा नियम अंगात मुरलाय. जो सांधा बंद करेल त्याने आपला रंग लावायचा, तुझा पांढरा, माझा पिवळा. उस्ताद म्हणायचे, चांगल्या कामाखाली सगळेच सही करतात, तुम्ही वाईटाखालीपण करा. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंच्या गाडीत सही माझी निघाली. आठवड्यापूर्वी केलेलं काम, आणि बाई उन्हात घामाघूम होऊन परत आलेल्या. कंप्रेसर जाम, पुढच्या जाळीच्या सांध्याशी तेलाचा ओघळ, आणि नटावर पिवळं. बाईंनी पुन्हा हात लावू दिला नाही, गाडी तशीच घेऊन गेल्या. उस्ताद गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून उभे राहिलेले मी पहिल्यांदा बघितले. भिंगरी म्हणायचे ते मला ए पोरा म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

मला तो सांधा आवळल्याचं आठवत नव्हतं, दादा. त्या गाडीचा पट्टा मी बदलला होता, सांध्याचं डोक्यात काहीच नव्हतं. पण त्या आठवड्यात मला ताप होता, आणि पिवळं तर डोळ्यांसमोर होतं. मी स्वतःलाच खोटं ठरवलं. संध्याकाळी तू मला बसवर सोडायला आलास, बॅग टपावर चढवलीस, म्हणालास, जा, बाहेर नाव काढ. तुझ्या अंगठ्याच्या नखात पिवळं होतं. मला वाटलं माझं सामान आवरताना लागलं असेल, आणि उलट भरून आलं, की दादाने माझी डबीसुद्धा बॅगेत घातली.

तेव्हापासून मी एक नट तीन-तीनदा तपासतो. जेवताना हात थांबतो, आवळला होता ना? एकदा अर्ध्या वाटेवरून परत जाऊन बंद गॅरेजचं शटर उघडायला लावलं. मालक म्हणाला, तुला कुणी झपाटलंय का.

आता गेल्या आठवड्याचं. आपल्याकडच्या जुन्या गाड्या इकडे ट्रकने विकायला येतात. एक टॅक्सीवाला तशीच एक घेऊन आला. म्हणाला, वारा येतो पण गार नाही, पहिल्यापासूनच मेलेला आहे, जिवंत झाला तर बघ. बॉनेट उघडलं आणि टेकूच्या दांडीवर माझंच वेल्डिंग दिसलं, वाकडंतिकडं, उस्तादांनी ज्याला गांडूळ म्हटलं होतं ते. डॉक्टरीणबाईंची गाडी. कुणी काही दुरुस्त केलं नव्हतं. कंप्रेसर अजून जाम, सांध्याशी तेलाने धूळ धरून काळी पापडी झालेली, आणि नटावर पिवळं, फिकट झालेलं. म्हटलं चला, आपलं पाप आपणच धुऊ. पाना लावला. रंगाचा पोपडा उडाला, आणि खाली पांढरं होतं.

नखाने कडेचं आणखी थोडं खरवडलं, तिथेही पांढरं. मग नट पूर्ण काढला. आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी फीत, आणि आत रबराची रिंग कापलेली. फितीवरून उस्तादांनी तुला किती वेळा झापलं असेल? हा काय मोरीतला नळ आहे का, म्हणायचे. जगात ती चूक करणारा मला एकच माणूस माहीत आहे, आणि त्याच्या शेजारी मी अठरा वर्षं झोपलो.

उस्ताद बाईंशी आत बोलत होते तेवढ्यात तू ब्रश फिरवलास ना? किती लागलं असेल, दोन श्वास? नोकरी गेली त्याचं सोड, मी कुठेही पोट भरीन. उस्तादांची मुलगी वहिनी होऊन तुझ्या घरी आली, त्यांचं गॅरेज तुझं झालं, तेही लखलाभ. तू मागितलं असतंस तर मी तो ठिपका स्वतः लावला असता, इतका तुझा होतो. पण तू मला माझ्याच हातांवर शंका घ्यायला लावलीस, आणि तीन वर्षं घेऊ दिलीस.

तू लिहिलंयस की उस्तादांचे दोन्ही डोळे गेले, अंथरुणाला लागलेत, माझं नाव काढतात. मी यावं, पाय धरून माफी मागावी, तू शब्द टाकशील. मी येतोय. पत्र तुला आधी मिळावं म्हणून पुढच्या आठवड्यात निघतो, रविवारी दुपारी दारात असेन. माफी मागणार नाही. पाकिटात कागदाच्या पुडीत तो नट आहे, फितीसकट, अर्धा पिवळा, अर्धा पांढरा. उस्तादांच्या हातात दे. फीत त्यांच्या बोटांना कळेल, संशय तुझ्यावरही जाईल, पण त्यांना पिवळंच आठवतंय, त्याखालचं पांढरं आता त्यांना दिसणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल, तुझ्या तोंडाने, मी पोचायच्या आत. मी आलो की त्यांच्याजवळ बसेन आणि एक अक्षर बोलणार नाही. ते मला कोणत्या नावाने हाक मारतात त्यावरून मला कळेल, तू बोललास की नाही.

अजून तरी तुझाच,
भिंगरी