नऊ नंबरचे कलम

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंद्याने टंकलेखक, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. वकील म्हणाला, इंग्रजीत करून देतो. मी नको म्हटले. इंग्रजी दस्तात काय काय लपते ते मी चाळीस वर्षे नोंदणी कार्यालयाबाहेर बसून टाइप केले आहे.

१. टाइपरायटर मुलास. त्याला तो नको आहे हे मला ठाऊक आहे. भंगारवाल्याला विचारून झाले आहे, तेही ठाऊक आहे.

२. बँकेतली ठेव सुनेस. हल्ली ती चहा फार गोड करते आणि घराचे कागद कुठे असतात हे सहज म्हणून विचारते. पण आजारपणात तिनेच केले, हे खरे.

३. घर. येथे थोडे सांगावे लागेल.

इंग्रजीत 'नॉटविथस्टँडिंग' असा एक भारदस्त शब्द आहे. अर्थ: वर काहीही लिहिलेले असो, तरीही. तो कलमाच्या तोंडाशी बसतो आणि वरचे सगळे कबूल करून निकालात काढतो. वडिलांनी वाटणी सांगितली तेव्हा त्यांची नजर गेली होती. धाकट्या बहिणीस अर्धे घर, हे त्या इंग्रजी वाटणीपत्राचे दुसरे कलम मी त्यांनी सांगितले तसे टाइप केले. नववे माझे होते. ते या शब्दाने सुरू होत होते आणि सगळे घर मला देत होते. बहिणीने त्यावर बोट ठेवले. "दादा, हे काय रे?" मी म्हणालो, "काही नाही, लिहायची रीत असते." दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

पुढे ती भाड्याच्या खोलीत शिवणकाम करून राहिली आणि दर रविवारी मला भेटायला आली. ती गेली की मी कपाटाचे कुलूप ओढून बघत असे. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय! मी तिला फसवले, आणि मला त्याची लाज वाटते.

सबब संपूर्ण घर बहिणीस. मुलगा म्हणतो, "बाबा, आत्याला एवढं घर कशाला?" तिचे आहे म्हणून.

कोणी मागाहून कलम घुसडू नये म्हणून उरलेल्या जागेवर रेघ मारणार होतो. त्याआधी हा मजकूर साक्षीदारांसमोर बहिणीस वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या शब्दाचा अर्थ मी त्याच संध्याकाळी शाळेच्या मास्तरांना विचारला होता."

"मग सही कशाला केलीस?"

"नाही म्हटलं असतं तर येणंजाणं तुटलं असतं. म्हटलं, दादा आज ना उद्या आपणहून सांगेल. म्हणून तर येत राहिले."

सहीचे अक्षर वेडेवाकडे आले आहे. कोणी शंका घेऊ नये. ते माझेच आहे.

सही
साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी २. दवाखान्यातले कंपाउंडर
ठिकाण: बहिणीचे घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार