नव्या बाटलीचं उदाहरण

अहो,

बाळीला घेऊन दवाखान्यात जातेय. तुमचा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी.

ती झोपल्यावर गणिताला बसले. घरातल्या वस्तूंवर शाब्दिक उदाहरणं बनव म्हणालात ना, म्हणून तिच्या तापाच्या औषधाची नवी बाटली घेतली. जुन्या औषधाच्या पाच मिलीत एकशेवीस मिलीग्रॅम, नव्याच्या एकाच मिलीत शंभर! नवं किती मिली द्यायचं, ते क्ष मानलं. शंभर क्ष बरोबर एकशेवीस. तुम्ही शिकवलंत तसं क्षला एकटं पाडलं, तर उत्तर एक पूर्णांक दोन दशांश, म्हणजे जेमतेम सव्वा मिली. आणि सकाळी आईंनी या नव्यातलं नेहमीसारखं पाच मिली पाजलं. तिचे हात मीच धरले होते.

उत्तर समीकरणात घालून ताळा केला, तोही जुळला.

बाळी आत्ता उठून पाय झाडतेय, हसतेय माझ्याकडे बघून. पण झोपली मात्र नेहमीपेक्षा जास्त.

आई शेजारी गेल्यात. त्यांना एवढंच सांगा, बाळीला दाखवायला नेलंय. बाकीचं मी आल्यावर सांगेन, तुम्ही रागावू नका त्यांच्यावर.

बाटली मी नेतेय. वही टेबलावर उघडीच आहे. ठोंबी म्हणून चिडवता ना मला? आजही खुशाल चिडवा. फक्त उदाहरण तपासा आणि माझं चुकलंय म्हणून फोन करा.