मालकाची सही

३ मार्च, सकाळ
संकल्प : या महिन्यात इथला ड्रायव्हिंगचा परवाना काढणे. एक खेप, फार तर दोन. लोक परवाना ऑफिसच्या नावाने उगाच बोटे मोडतात. कागद नीट लावून नेले की कुठलेही काम होते. मी सव्वीस वर्षे गोदामात कागदच लावले.

कारण : काल मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आई जाऊन पाच महिने झाले, गाडी जागची हललेली नाही, टायर बसतील. एकतीस तारखेला मी येते. तोवर तुमचा परवाना झाला तर गाडी तुमची, नाहीतर माझ्या ताब्यात द्या. मी बरं म्हटले. गाडी देण्याचा प्रश्नच येत नाही.

पात्रता : मायदेशातला परवाना, एकतीस वर्षांचा. एकही अपघात नाही. गाडी चालवायची वेळ फारशी आली नाही, पण तो मुद्दा वेगळा. या देशात आल्यापासून बारा वर्षे ही चालवत होती आणि मी शेजारी बसून लक्ष ठेवत होतो. खरे काम लक्ष ठेवण्याचेच असते. तिलाही ते माहीत होते. तुम्ही मध्ये बोललात की माझा पाय चुकतो, असे ती स्वतः म्हणायची.

३ मार्च, दुपार
ऑफिस. परदेशी लोकांची खिडकी वेगळी, सहा नंबर, जिन्याखाली. वाकून उभे राहावे लागते. आतली बाई चष्म्यावरून बघते. माझा परवाना उलटासुलटा करून म्हणाली, हा आम्हाला वाचता येत नाही. यात माझा काय दोष, मी विचारले. भाषांतर करून आणा म्हणाली. मग लेखी परीक्षा, मग गाडीवरची. मी सांगितले, एकतीस वर्षांचा अनुभव आहे. ती म्हणाली, मग सोपीच जाईल.
उद्धट.

८ मार्च
भाषांतर दिले. लेखी परीक्षा झाली. चाळीस प्रश्न, पास व्हायला चौतीस लागतात. मला एकोणीस. प्रश्न काढणाऱ्याने रस्ता पाहिलेला नसावा. नमुना : एक म्हातारा रस्त्याच्या मध्यावर आहे, तुम्ही काय कराल? मी ‘हॉर्न वाजवेन’वर खूण केली. म्हाताऱ्याला कळायला नको? उत्तर चूक म्हणे. शेजारी एक मुलगी च्युइंगम चघळत एकोणचाळीस मार्क घेऊन गेली. नुसते पाठांतर.

१२ मार्च
पुन्हा लेखी. पस्तीस. अभ्यास असा केला नाही. पुस्तक चारदा वाचले, एवढेच. मुलीला कळवले की अर्धे काम झाले. अय्या, खरंच बाबा, म्हणाली. आश्चर्य कशाचे वाटले ते कळले नाही.

१३ मार्च
गाडीवरच्या परीक्षेचा फॉर्म. गाडी आपली आपण न्यायची. ती दुसऱ्याच्या नावावर असेल तर रकाना अकरामध्ये मालकाची सही. गाडी हिच्या नावावर आहे. रकाना कोरा ठेवून फॉर्म आत सरकवला. हे लोक काही वाचत नाहीत. चष्मेवालीने नेमके तेच वाचले. मालक कुठे आहेत, विचारले. मी म्हटले, बाहेरगावी. कधी येणार? सांगता येत नाही.
फॉर्म परत.
घरच्या गोष्टी जिन्याखाली वाकून सांगायच्या नसतात.

१५ मार्च
सराव. तासभर गाडीत बसलो. माझ्या नेहमीच्या सीटवर. तिथून रस्ता चांगला दिसतो. समोरून तीन गाड्या गेल्या, तिघांच्याही चुका लक्षात आल्या. गाडी सुरू केली नाही. गरज वाटली नाही.

चालकाची सीट फार पुढे ओढलेली आहे. ही बुटकी. मागे करावी लागेल. पुढच्या वेळी.

१९ मार्च
खिडकी सहा. वेगळा फॉर्म, त्याच रकान्यात ‘मालक उपलब्ध नाहीत’ असे स्वच्छ अक्षरात लिहून नेले. चष्मेवालीने मालकाचे नाव पाहिले, माझे आडनाव पाहिले, आणि एकदम आवाज उतरवला. बायको ना? मी हो म्हटले. भांडण झालंय का? मी फॉर्मची घडी सरळ करू लागलो. तिने परस्पर मान हलवली. म्हणाली, माझे मिस्टरही असेच, तोंडातून शब्द काढत नाहीत. अहो, एवढा काय तो ताठा! फुलं घेऊन जा, चुकलं म्हणा, उभ्या उभ्या सही देतील. मागच्या रांगेतला एकजण हसला. दुसरा म्हणाला, नुसत्या फुलांनी माझी ऐकत नाही बुवा.

मी बरं म्हटले. सरकारी पगारावर असले सल्ले देतात.

येताना फुले घेतली. घरी आल्यावर कुठे ठेवायची सुचेना. पाण्याच्या ग्लासात ठेवली.

२३ मार्च
उपाय सापडला. हिची सही मी तीस वर्षे पाहतो आहे. दोन शब्दांची सही, त्यात काय अवघड! सकाळपासून बसलो. दीड वही झाली. शेवटचे अक्षर ती खाली ओढून पुन्हा वर न्यायची, ते येत नाही. दुपारी एक बरी जमली, पण ती माझ्याच सहीसारखी दिसते.

खोटेपणा माझ्या स्वभावात नाही, म्हणून बेत रद्द.

२७ मार्च
मुलीचा फोन. कुठवर आलं? मी सगळे सांगितले. त्या ऑफिसात अक्कल नावाची वस्तू नाही हेही सांगितले. ती म्हणाली, बाबा, आईचा मृत्यूचा दाखला निळ्या फाइलमध्ये आहे. सहीच्या जागी तो लावायचा असतो. तुम्ही दिला नाहीत का? मी म्हटले, त्यांनी मागितला नाही. त्यांना माहीत तरी आहे का बाबा? मी म्हटले, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

दूध फ्रिजमध्ये होते.

कुठला कागद कुठे लावायचा हे मला कोणी शिकवायला नको.

३१ मार्च, संध्याकाळ
सकाळी एकटाच गेलो. निळी फाइल नेली. खिडकीशी वाकून दाखला आत सरकवला. चष्मेवालीने वाचला, तारीख पाहिली, चष्मा काढला. म्हणाली, फुलांचं मी बोलायला नको होतं. मी म्हटले, चांगली टिकली. ती चष्मा पुसत राहिली. मागचा माणूस खोकला तेव्हा काम सुरू झाले.

गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. आणि वारसाकडे परवाना असेल तरच ती त्याच्या नावावर होते. म्हणजे परवान्यासाठी गाडी हवी आणि गाडीसाठी परवाना. असा नियम करायला विशेष डोके लागते. चष्मेवालीने विचारले, घरात परवाना कुणाकडे आहे? मी मुलीचे नाव लिहून दिले.

दुपारी ती आली. जेवली, किल्ली घेतली, येत जा बाबा म्हणाली आणि गाडी घेऊन गेली. कोपऱ्यावर इशारा न देताच वळली. मी हात वर करून दाखवले. तिला वाटले मी टाटा करतोय, तिनेही केला.

एक लिहायचे राहिले. गेलेल्या माणसाचा परवाना रद्द करावा लागतो म्हणून हिचा मागितला होता. माझ्या पाकिटातच होता. चष्मेवालीने तो पंचिंग मशीनमध्ये धरला, काढला, फिरवून पुन्हा धरला आणि कोपऱ्यात भोक पाडून परत दिला. हवा तर ठेवा म्हणाली.

महिना संपायच्या आत परवाना घेऊन घरी आलो. फोटोत ही आहे. भोक चेहऱ्याला लागलेले नाही.