टिटवीची डोलकाठी आणि चिवड्याचा डबा

१५ ऑक्टोबर २०१६, शनिवार

आमची शिडाची बोट टिटवी हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर आली. क्रेननं डोलकाठी उतरवून बोट-क्लबच्या रॅकवर आडवी ठेवली. एकोणीस वर्षं ठरलेलं आहे — बोट दोघांची. बूड आणि इंजिन माझं, डोलकाठी सुधाकरची. मी यादी वाचायची, त्यानं दिवा, कप्प्या, पिना एकेक सोडवून जुन्या सुती कपड्यात गुंडाळायच्या. म्हणजे हिवाळाभर गंजत नाहीत, आपटत नाहीत.

आज म्हणतो, "नंदू, तू घरी जा. आय विल मॅनेज." एकटा! आणि सगळा वेळ हात जॅकेटच्या खिशात. काय लपवतोय?

२३ ऑक्टोबर

क्लबच्या यार्डात चक्कर मारली. डोलकाठी नागडी! दिवा नाही, कप्प्या नाहीत, एक पिन नाही. आमचं क्लबातलं कपाटही रिकामं. फोन केला. "अरे, घरी आणलंय सगळं मिल्टनला. डोन्ट वरी."

एकोणीस वर्षांत एक स्क्रू घरी नेला नव्हता यानं. वरी आता करणारच.

३० ऑक्टोबर, दिवाळी

फराळ द्यायला आम्ही दोघं सुधाकरकडे गेलो. माझ्या बायकोनं, जयंतीनं, मोठा स्टीलचा डबा भरून चिवडा नेला. सुधाकर सोफ्यावरून उठलासुद्धा नाही. डबा त्याच्या बायकोनं, रश्मीनं घेतला. आमच्याबरोबर चहा नाही — म्हणे "आत्ताच झाला." झाला कुठला! त्याचा कप भरलेला होता समोर, साय धरलेला.

टेबलावर कनाटामधल्या — इथून पाच तासांवर — विकाऊ घरांची पत्रकं. रश्मीनं चटकन त्यांवर पेपर टाकला. नील, त्यांचा मुलगा, कनाटालाच असतो. म्हणजे हे निघाले! आणि बोट? डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही, म्हणजे पाणी मुरतंय.

१९ नोव्हेंबर

"अहो, आपला डबा आला नाही अजून," जयंती म्हणाली. रश्मी आठवड्यात परत करते, तोही कधी रिकामा नाही — निदान मूठभर साखर तरी असते आत. आता जयंतीलाही संशय येतोय. बरं वाटलं.

१७ डिसेंबर

उणे चौदा. तळ्यावरचा वारा कान कापतो. तरी गेलो यार्डात. डोलकाठीच्या तारा आता नाडीनं नीट बांधल्यात, टोकांना कापड आहे. पण गाठी सुधाकरच्या नाहीत! त्याची गाठ मी अंधारात ओळखेन. या तर परकराच्या नाडीसारख्या.

यार्डातल्या माणसाला विचारलं. म्हणाला, तुझा मित्र आला होता, बरोबर एक बाई. ती बांधत होती, तो नुसता उभा राहून दाखवत होता.

गिऱ्हाईक! आपला अर्धा हिस्सा विकतोय हा. माझ्या पाठीमागे.

८ जानेवारी २०१७

सुधाकरला ईमेल टाकली. "टिटवी विकायची तर आधी मला तोंडावर सांग. एवढी तरी लाज ठेव." जयंती म्हणाली, नका पाठवू. पाठवली.

१४ जानेवारी

संक्रांत. उत्तर नाही. तिळगूळ घ्या, गोड बोला — कुणाशी?

११ फेब्रुवारी

दारात रश्मी. एकटी. हातात आमचा डबा — घेताना मनगट वाकलं, इतका जड!

उघडला. जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्या, वीस-बावीस. एकेकीत एकेक वस्तू, तेल लावून पुसलेली. दिवा, कप्प्या, पिना. प्रत्येकीत चिठ्ठी. "नंदू, हा वरचा दिवा. आधी रबर, मग स्क्रू. जोर लावू नकोस, तुला सवय आहे." पहिल्या चिठ्ठ्या त्याच्या त्या ड्रॉइंगसारख्या अक्षरात. पुढे अक्षर कापत गेलंय. शेवटच्या पाच रश्मीच्या हातच्या.

सुधाकरला पार्किन्सन्स — कंपवात. जूनमध्येच कळलं होतं. "तुम्हाला सांगू देईनात," रश्मी म्हणाली. "तुमच्यासमोर कप उचलेनात. तारा मीच बांधल्या, ते सांगतील तशा. मला काय, नाडीचीच गाठ येते." जुलैत कनाटाला, नीलजवळ जाणार. "त्यांचा अर्धा हिस्साही तुमचाच म्हणाले. फक्त डोलकाठी नीट उभी करायला सांगा म्हणाले."

माझ्या ईमेलबद्दल एक शब्द नाही बोलली. लाज! मीच लिहिला होता हा शब्द. जयंतीनं पिशव्या तशाच राहू दिल्या आणि रश्मीला जवळ घेतलं. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१२ फेब्रुवारी

सकाळी सुधाकरला फोन केला. आधी माफी मागितली. मग म्हटलं, तुझ्या चिठ्ठ्या माझ्याकडून हरवल्या सगळ्या, रिसायकलिंगमध्ये गेल्या. "गाढवा! तीन महिने लागले मला लिहायला!" खूप दिवसांनी असा ओरडला. म्हटलं, मग मेमध्ये डोलकाठी उभी करायला ये. तू सांग, मी बसवतो. मग म्हणाला, "खुर्ची आण माझ्यासाठी."

चिठ्ठ्या पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवल्यात.