अन्वीच्या बग्गीचे शॉकअप

हेर्त्सोगेनआउराख,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

ती. सरलामावशीस,
यशोधनचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाच्या मशीनचं आणि माझ्या फोनचं काही केल्या जमत नाही, म्हणून पुन्हा कागद घेऊन बसलो आहे. अक्षर लागलं नाही तर चष्म्यावर राग काढू नकोस. ते पूर्वीपासूनच तसं आहे.

बातमी अशी, की आमच्या घरात एक चारचाकी आली आहे. लांबी हातभर, वय एकोणचाळीस वर्षं. रिमोटवर चालणारी जपानी बग्गी आहे, १९८६ सालची. अन्वीला ती जुन्या बाजारात एका खोक्याच्या तळाशी सापडली. मोटर शाबूत होती, पण चारही शॉकअप कोरडे. दोन महिने आम्ही दोघं केलरमध्ये, म्हणजे तळघरात, तिच्यामागे लागलो आहोत. वैभवी म्हणते, लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण मी इतका वेळ कुणाकडेच असा टक लावून पाहिलेला नाही.

इथल्या क्लबात ३ ऑक्टोबरला, सुट्टीच्या दिवशी, १९९० पूर्वीच्या गाड्यांची शर्यत असते. अन्वी गाडी चालवणार आणि मी मेकॅनिक, असं ठरलं आहे. सोमवारी ६ तारखेला ती बर्लिनला जाणार. तिथे वाहनांच्या इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. म्हणजे शर्यत होईल आणि लेक जाईल. त्यामुळे ही गाडी झकास पळाली पाहिजे, असं मी मनाशी घेतलं आहे.

अडचण सस्पेन्शनची आहे. उडी मारून खाली आली की गाडी तीनदा टणटण उडते. मी ऑफिसात दिवसभर स्प्रिंगांचीच गणितं करतो, तेव्हा इथेही केली. एकेचाळीस पानं झाली. त्यानुसार पुढचे शॉकअप लांब केले आणि स्प्रिंगा कडक घातल्या. आता गाडी तीनदा उडत नाही. एकदाच उडते आणि उलटी पडते.

तेव्हा सातपूरच्या कारखान्यातून मला चार स्प्रिंगा वळून पाठवशील का? मापं सोबत आहेत, तारेची जाडी दोन दशांशांपर्यंत दिली आहे. चाळीस वर्षं स्प्रिंगा वळणाऱ्या बाईला स्प्रिंग कशी असावी हे मी सांगतो आहे, याची मला लाज वाटते. पण पान भरलं आहे, ते फाडवत नाही.

लोभ असावा. वृद्धीबद्दल आग्रह नाही.
तुझा,
यशोधन


नाशिक,
शुक्रवार, २९ ऑगस्ट २०२५

चि. यशोधन यास,
सरलामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. घरी गणपती बसले आहेत आणि उद्यापासून गौरींची गडबड, तरी तुझी एकेचाळीस पानं डोळ्यांपुढून हलत नाहीत. बरं झालं ती पाठवली नाहीस. टपालाचा खर्च झाला असता आणि मला हसू आवरलं नसतं.

तुझी मापं पाहिली. ती स्प्रिंग टेम्पोला चालेल. म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि माझ्या अंदाजाने नीताकडून दोन जोड वळून घेतले. नीता आता कारखाना बघते. ती सही करायच्या आधी प्रत्येक स्प्रिंग दोन बोटांत दाबून बघते. तूही तसंच कर. गाडीला वरून दाबून सोड. एकदा वर यावी आणि गप्प बसावी. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. पाकीट कुरिअरने वेगळं पाठवलं आहे.

आता माझं ऐक. चार पानांच्या पत्रात तेल आहे, तार आहे, लांबी-रुंदी आहे. अन्वीचं नाव आलं ते प्रवेशाची बातमी द्यायला. गाडी तिला सापडली, चालवणार ती, मग तीनदा उडण्याबद्दल ती काय म्हणते? तिला विचारलंस का? मला वाटतं नाही विचारलंस. तू सात वर्षांचा असताना माझं शिवणयंत्र दुरुस्त केलं होतंस. ते बिघडलं आहे का हेसुद्धा तू आधी विचारलं नव्हतंस.

वैभवीला आशीर्वाद. अन्वीला सांग, आजीला तिच्या शर्यतीची काळजी आहे, गाडीची नाही.

लोभ आहेच, तो मागून घ्यायची गरज नाही.
तुझी,
सरलामावशी


हेर्त्सोगेनआउराख,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

स्प्रिंगा मिळाल्या. त्सोलवाल्यांनी, म्हणजे कस्टम्सवाल्यांनी, मला कचेरीत बोलावून पाकीट समोर उघडायला लावलं. हे काय आहे, असं विचारलं. मावशीने पाठवलेल्या स्प्रिंगा, असं म्हणालो. मावशी लोणचं वगैरे पाठवते हे त्यांना ठाऊक होतं, पण ही मावशी त्यांना नवीन होती. त्यातल्या एकाने एक स्प्रिंग दोन बोटांत दाबून पाहिली आणि मान डोलावली. नीताला सांग.

तू म्हणालीस म्हणून अन्वीला विचारलं. विचारायला नको होतं. तिने पाऊण तास जर्मनमध्ये ऐकवलं आणि मी मराठीत हं हं करत राहिलो. गाडी तीनदा उडते हे तिला आवडत होतं. दुसऱ्या उडीला पुढची चाकं कुठे वळवायची हे तिने महिनाभर सरावाने बसवलं होतं, आणि मी एका रविवारी ते सगळं काढून टाकलं. माझी गणितं बरोबर आहेत, असं मी म्हणालो. ती म्हणाली, गेनाऊ, तेच तर.

आल्झो, म्हणजे थोडक्यात, माझी बदली झाली आहे. शर्यतीच्या अर्जात आता चालक अन्वी आणि मेकॅनिकही अन्वी. शॉकअप तिने स्वतः उघडले, तुझ्या मऊ स्प्रिंगा घातल्या, तेल आत राखणारे नवीन सील बसवले, तेल स्वतः भरलं. मला टॉर्च धरायला दिला होता. दाबून सोडली, तर गाडी एकदा वर आली आणि गप्प बसली. मावशी, मी अठरा वर्षं ज्या कामाचा पगार घेतो ते काम तिने माझ्यासमोर दोन तासांत केलं. मला इतका आनंद झाला की बोलता येईना. म्हणून मी टॉर्चच्या बॅटरीबद्दल बोललो.

गाडी आता खोक्यात आहे. खोक्यावर तिने ‘फिंगर वेग’ असं लिहून चिकटवलं आहे, म्हणजे हात लावायचा नाही. मी तसं वचन दिलं आहे. तिने माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं, ते मला थोडं लागलं.

लोभ जिथे असेल तिथून थोडा इकडे पाठवावा.
तुझा बडतर्फ मेकॅनिक,
यशोधन


हेर्त्सोगेनआउराख,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आज चेष्टा जमेल असं वाटत नाही, पण दुसरं काही मला येत नाही, म्हणून त्याच सुरात सांगतो.

गुरुवारी दसरा झाला. शर्यतीचा आदला दिवस. अन्वी मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली होती. वैभवीने घरातल्या सायकलींना आणि मोटारीला फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं आणि ती कामावर गेली. मला वाटलं, घरातली सर्वांत जुनी गाडी तेवढी राहिली. हात लावणार नाही असं वचन दिलं होतं हे मला पूर्ण आठवत होतं. पण पूजा करणं म्हणजे हात लावणं, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. पाना नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही, नुसतं अनामिकेचं बोट. खोकं उघडलं, बॉडीला हळदकुंकू लावलं. मग ज्यांच्यासाठी एवढी यातायात केली ते चार शॉकअप तसेच कसे ठेवायचे? त्यांच्या चकचकीत दांड्यांनाही लावलं. आणि मावशी, लावल्यावर गाडी दोन-तीनदा वरून दाबून सोडली. एकदा वर आली, गप्प बसली. मला फार बरं वाटलं.

अन्वी रागावेल म्हणून नंतर दिसत होतं तेवढं पुसून टाकलं. आशीर्वाद एव्हाना पोचला असेल, असा हिशेब केला.

शर्यतीत पहिल्या फेरीत ती तिसरी आली. चौदा गाड्यांमध्ये. क्लबचे म्हातारे येऊन तिला स्प्रिंगा कुठल्या म्हणून विचारून गेले. दुसऱ्या फेरीत गाडी पुढून बसू लागली, पोट जमिनीला घासलं आणि उडीच्या उंचवट्यावर ती अडकली ती हललीच नाही. टेबलावर अन्वीने एक शॉकअप उघडला. आत तेल नव्हतं. दांडीवरची पूड सीलमध्ये ओढली गेली होती आणि सील फाटले होते, हे मला बघताक्षणी कळलं. तिला वाटलं, सील तिने चुकीचे बसवले. ती रडली. म्हणाली, मला चार सील धड बसवता येत नाहीत आणि मी हेच शिकायला चालले आहे, विषय बदलावा की काय.

मी शेजारी स्क्रू-ड्रायव्हर धरून उभा होतो. होतं असं कधीकधी, असं म्हणालो.

तेवढंच म्हणालो. त्यानंतर दोन दिवस झाले. मी तिची पुस्तकं खोक्यांत भरली, तिच्या सायकलचे ब्रेक गरज नसताना घट्ट केले. सांगायला तोंड उघडतो आणि विचारतो, पासपोर्ट घेतलास का. ती उद्या सकाळी जाते आहे. सांगितलं तर ही शेवटची गोष्ट घरातून घेऊन ती जाणार, बापाने वचन मोडलं आणि वर आपल्याला रडू दिलं. ते सांगायचं धैर्य मला होत नाही. मी काय करू?

लोभ ठेवण्याजोगं काही केलेलं नाही, तरी मागतो.
तुझा,
यशोधन


नाशिक,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

चि. यशोधन यास,
आशीर्वाद आहेत, पण आज ते हात आखडून.

पत्र आत्ता मिळालं. काय करू असं विचारतोस. हे पत्र तुला पोचायला दहा-बारा दिवस लागतील. तोवर माझ्या उत्तराची वाट बघत बसला असशील, तर तू गाढव आहेस, आणि हे मी लाडाने म्हणत नाही.

आम्हीही दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली. बॉडीला बोट लावलं, चाकाला हार घातला. सरकणाऱ्या भागाला कधी कुणी शिवलं नाही. कुंकू कपाळाला लावतात रे, नरड्यात घालत नाहीत. नीताने ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

पण कुंकवाचं मला काही वाटत नाही. हौसेने केलंस, चुकलं, सोडून दे. पोरगी रडत होती तेव्हा गप्प राहिलास, त्याचा मला राग आला आहे. ती स्वतःच्या हातांवरचा विश्वास गमावून बसली तर तो तिला कोण परत देणार? मी पहिल्या वर्षी तारेची सबंध रास वाया घालवली तेव्हा वडलांनी मला यंत्रावरून उठवलं. भट्टीची उष्णता जास्त झाली ती त्यांच्याच भावाच्या हातून, हे मला नऊ वर्षांनी कळलं. नऊ वर्षं मी भट्टीला हात लावला नाही. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

ऊठ आणि जा. फोन नको, समोर जा.

लोभ जागेवरच आहे. तू जागेवर ये.
तुझी,
सरलामावशी


बर्लिन,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय सरलाआजी,
नमस्कार.

पत्र माझं आहे, अक्षर ईप्सिताचं. ती पुण्याची आहे, माझ्या शेजारच्या खोलीत राहते. मला मराठी सगळं समजतं, पण लिहायला घेतलं की मध्येच जर्मन येतं. मी बोलते आणि ती नीट करून लिहिते. काही शब्द फार छान वाटले तर ते तिचे आहेत.

बाबा आला होता. १८ तारखेला, न कळवता, चकल्यांचा डबा घेऊन. तुझं पत्र तेव्हा पोचलेलं नव्हतं. ते नंतर आलं. बाबाने मला ते फोनवर पूर्ण वाचून दाखवलं, गाढव हा शब्दही गाळला नाही. तुझ्या भट्टीचं ऐकून मला वाईट वाटलं, आणि तुझ्या त्या काकांचा खूप राग आला.

बाबाने बूटसुद्धा काढले नाहीत. दारातच उभं राहून सगळं सांगितलं, मराठीत, खूप भराभर. मी म्हटलं, मला माहीत आहे. मग तो जिन्यावर बसला. आजी, मी दुसरा शॉकअप उघडला तेव्हाच मला कळलं होतं. आत लाल-पिवळा चिखल होता. आमच्या क्लबात हळद कोण घेऊन येणार? मी तेव्हापासून वाट बघत होते. गाडीत, घरी, स्टेशनवर. स्टेशनवर बाबा पाण्याची बाटली द्यायला दोनदा डब्यात चढला आणि दोनदा उतरला. मला वाटलं, आता सांगेल. पंधरा दिवस मी वाट बघितली.

त्याने विचारलं, मग तूच का नाही म्हणालीस. मी म्हटलं, चूक तुझी होती, मीच का सांगू.

विषय मी बदललेला नाही, ते तुला कळवायचं होतं. सील मी बरोबरच बसवले होते.

पण बाबाला मी एक गोष्ट सांगितली, ती तुलाही सांगते. कुंकवाचं मी माफ केलं. त्या पंधरा दिवसांचंही जवळजवळ केलं. पण पहिला शॉकअप उघडल्यापासून दुसरा उघडेपर्यंत पाच मिनिटं गेली. तेवढी पाच मिनिटं मला खरंच वाटलं होतं की मला काही येत नाही, आणि बाबाला खरं माहीत होतं, तरी तो माझ्या शेजारी नुसता उभा होता. ते अजून माफ होत नाही. मी प्रयत्न करून बघितला. त्याच्यासमोर रडलेसुद्धा. तोही रडला. ईप्सिताने आम्हाला चहा करून दिला.

तो निघताना मी त्याला म्हटलं, माझा राग एका शनिवारात संपणारा नाही, अजून बराच उरला आहे, पुढच्या महिन्यात परत ये. त्याने तिथेच उभ्या उभ्या नोव्हेंबरचं तिकीट काढलं, आणि डिसेंबरचंही काढून ठेवू का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

राग त्याच्याकडे, लोभ तुझ्याकडे.
तुझी,
अन्वी