मुबारक कधी म्हणायचं

अब्बा, काल टीव्हीवर पुन्हा शांततेच्या वाटाघाटींची बातमी होती आणि मला आखातातल्या अबकैकचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. इराकशी युद्ध सुरू झालं तेव्हा विषारी वायूच्या भीतीनं, तिथे एकच लहान खिडकी म्हणून तुम्ही तीच खोली निवडलीत, फटींवर टेप चिकटवलीत, दाराखाली ओला टॉवेल लावलात. वरच्या मजल्यावर तुमच्या तेलाच्या प्लांटमधला पॅलेस्टिनी इंजिनिअर राहायचा; सोबत बायको आणि माझ्या वयाची मुलगी. त्यांच्या पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतल्यापासून त्या घराशी कुणी धड बोलत नव्हतं. आपल्या गावचे चाचा तुम्हाला बजावून गेले, "त्यांच्यात मिसळू नका. इथं राहायचा परवाना, इकामा, जायला वेळ लागत नाही." तुम्ही त्यांना चहा पाजलात, आणि त्याच संध्याकाळी सायरन वाजला तेव्हा जिन्यात जाऊन त्या तिघांना खाली बोलावलंत. अम्मीनं मला जवळ ओढलं.

आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलो आहोत, गॅसचे मास्क मांडीवर. रेडिओ सांगतो, तेल अवीववरही इराकची क्षेपणास्त्रं पडलीत. भाई इंग्रजीत म्हणतो, बरं झालं. इंजिनिअरची बायको त्याच्याकडे बघते. "माझी सासू नाब्लुसला आहे, ज्यूंच्या ताब्यात. तेल अवीवपासून तासाभरावर. तिला कुणी मास्क दिलेला नाही." तुम्ही भाईला म्हणता, "गप बस." मग तुम्ही इंजिनिअरला विचारता, "तुमचं आणि ज्यूंचं कधी मिटेल का हो?"

तो म्हणाला, "तरुणपणी मी याफाला वडिलांना अठ्ठेचाळीस साली सोडावं लागलेलं घर बघायला गेलो होतो. एका ज्यू बाईनं दार उघडलं. तिनं विचारलं, परत घ्यायला आलास? मी म्हटलं, नुसतं बघायला. ती म्हणाली, नवरा यायच्या आत बघून घे. मग तिनं पाणी दिलं."

"मग?"

"मी पाणी प्यालो."

"त्याला शांतता म्हणू नकोस," त्याची बायको म्हणाली. "घर तिच्याकडेच राहिलं."

"नाही म्हणत. पण ते पाणी मी विसरलेलो नाही."

युद्ध संपल्यावर त्याचं काँट्रॅक्ट वाढलं नाही. ते अम्मानला गेले. पुढे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी शांततेचा करार करून हात मिळवले, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून उठून त्याला फोन लावलात. मुबारक म्हणालात. पलीकडचं बोलणं तुम्ही नंतर आम्हाला सांगितलंत: "आज नको, भाईजान. माझी मुलगी एकटी, कुणी न अडवता, आजीला भेटून परत येऊ दे. मग म्हणा." तुम्हाला ते लागलं होतं. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. तरी दर ईदला त्याच्या फोनची वाट बघितलीत, आणि तशीच वाट बघत डोळे मिटलेत.

ती मुलगी आता अम्मानमध्ये डॉक्टर आहे, अब्बा. तिचा नंबर माझ्याकडे आहे, ईदला आम्ही बोलतोही. मुलांची चौकशी करतो, पगार, हवापाणी. आजीला भेटलीस का, एवढं मात्र मी आजवर विचारलेलं नाही. तिनं सांगितलं नाही, तोवर मला भेटली आणि नाही भेटली, या दोन्ही शक्यता धरून ठेवता येतात.