पतीचे दुसरे हृदय छातीत परत ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
हृदयरोपण संशोधन विभाग व शवागार

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : ‘मृतदेह तातडीने हलवावा’ हे आपले पत्र.

महोदय,

१. आपल्याकडे ज्या लिफ्ट-मेकॅनिकला डुकराचे हृदय बसवले होते, त्यांची मी पत्नी. मी मृतदेह अद्याप नेलेला नाही, हे खरे आहे. त्याचे कारण कळवते.

२. ओळख पटवण्यासाठी मला आत बोलावले होते. मी शिवणकाम करते. छातीवरचे टाके लांब लांब, कच्चे होते. पुन्हा उसवायचे असले की असे घालतात. म्हणून मी तेथील परिचारकास विचारले, “आत काही ठेवायचं राहिलंय का?” तो म्हणाला, “ताई, हृदय वर तपासणीला गेलंय. ते परत येत नसतं.”

३. शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी आम्हां दोघांस समजावले होते, की परक्या प्राण्याचे हृदय शरीर लगेच ओळखते आणि मारून टाकते. म्हणून त्या डुकरात माणसाची काही संरक्षक जनुके आधीच घातलेली होती, जेणेकरून शरीराने ते आपलेच मानावे. त्यावर पती म्हणाले, “तसलं काही माझ्या मेहुण्यात घालता येईल का?” मेहुणा, म्हणजे माझा भाऊ, शेजारीच बसला होता. तोही हसला.

४. पती घरी आले. आधी चार पायऱ्यांत धाप लागत असे, ते आता लिफ्ट सोडून जिन्याने येऊ लागले. माझ्या मशीनचा पट्टा त्यांनी बदलला. मी छातीला कान लावत असे. ठोका पूर्वीपेक्षा जलद होता. पुढे सवय झाली.

५. नंतर फुफ्फुसात संसर्ग झाला आणि मेंदू गेला. डॉक्टर म्हणाले, “हृदयाला काहीच झालेलं नाही हो. जनुकांनी काम चोख केलं.” हे सांगताना ते रडले, हे नमूद करते. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

६. हृदय मागितले असता कार्यालयाने संमतिपत्र दाखवले. पतीचे जुने हृदय बरणीत आहे, ते मानवी असल्याने मिळेल, नवे प्राणी विभागाकडे मागावे, असे सांगितले. प्राणी विभागाने सांगितले की त्यांच्या दप्तरी ते जनावर शस्त्रक्रियेच्या दिवशीच मेले, त्यामुळे त्याचे हृदय पुढे चालू होते असे त्यांना लिहून देता येत नाही. शेवटी लिपिक म्हणाले, “बाई, जुनं घ्या आणि मिटवून टाका.” जुने मला नको. ते दमले म्हणूनच काढले होते. तपासणीस लागेल तेवढा तुकडा ठेवून घ्यावा व उरलेले नवे हृदय त्यांच्या छातीत ठेवावे, ही विनंती. त्यानंतर मी त्यांना लगेच नेईन.

७. एक गोष्ट कोणत्याही कागदावर नाही, म्हणून येथे लिहिते. श्वासाचे यंत्र काढले तेव्हा माझा हात त्यांच्या छातीवर होता. हृदय चालूच राहिले. सगळे मॉनिटरच्या पडद्याकडे पाहत होते. पती गेले, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मी वाकून म्हटले, “झालं हं आता. राहू दे.”

मग ते थांबले.

उत्तरासाठी शवागाराबाहेरील बाकावर बसलेली,
रुग्णाची पत्नी
(सही व तारीख)

सोबत : मृत्यूचा दाखला, संमतिपत्राची प्रत.